ढोमणेकाकांची एकोणतीस बिऱ्हाडं

ढोमणेकाका किरायाचं रिकामं घर बघायला गेले, की दारात चपला काढतात, मधल्या खोलीत जातात आणि फरशीवर सरळ आडवे होतात. पाठीवर, हात छातीवर, डोळे मिटलेले. मग दहा मिनिटं हलत नाहीत.

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा घरमालकीणबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. "यांची तब्येत बरी आहे ना?" त्या कानात विचारत होत्या. मला तरी काय माहीत! मी पाणी मागणार, तेवढ्यात काका डोळे न उघडता म्हणाले, "पंखा मधात नाही हाये. फूटभर भिंतीकडे सरकला. वरचे लोक खलबत्ता वापरून राहिले. अन् बाई, तुमच्या न्हाणीतला नळ गळून राहिला."

तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. घरमालकीणबाईंनी दंड सोडला आणि चहा टाकायला गेल्या.

"घर उभ्यानं नाही पाह्यचं मॅडम," काका उठून सदरा झटकत म्हणाले. "उभ्यानं त पोस्टमनबी पाह्यते. माणूस घरात सगळ्यात जास्त काय करते? झोपते. मंग पाठीले इचारा लागते ना, की बाई, तुले हे घर चालते का?" आणि खिशातला कागद काढून त्यांनी बिऱ्हाड मांडायच्या खर्चाचा अंदाज लिहिला. अठ्ठावन्न हजार सहाशे, कूलर धरून.

आम्ही दोघं नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत कामाला. मी प्रयोगशाळेत सुताचा पीळ मोजते, काका स्टोअरमध्ये. बेअरिंगपासून खराट्यापर्यंत कारखान्याला जे लागेल ते मागवायचं, मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं. नोकरी एकोणतीस वर्षांची. कंपनीच्या बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागे, खिडकीशी बसतात आणि रस्ताभर लोकांच्या गॅलऱ्या बघत येतात. "त्या पिवळ्या बिल्डिंगीतलं तिसऱ्या माळ्यावरचं खाली झालं," असं मध्येच, कोणालाही उद्देशून नाही, म्हणतात. कारखान्यात नवं माणूस लागलं, की तिसऱ्या दिवशी काका त्याच्यापाशी हजर. ओळखपाळख नाही, गावाचं नाव नाही, पहिला प्रश्न, "झाडू घेतला का?" बसमधल्या निम्म्या लोकांची बिऱ्हाडं काकांनी मांडून दिलेली आहेत, म्हणून त्यांच्या या वेडाला कोणी हसत नाही.

हसायचे ते एकाच गोष्टीला. काकांचं स्वतःचं बिऱ्हाड अजून मांडायचं होतं.

लीलाकाकू, म्हणजे काकांची बायको, हिंगणघाटकडच्या एका खेड्यात. तिथं तीन एकर शेत, दोन गाई, आणि परवापरवापर्यंत अंथरुणाला खिळलेली सासू. काका नागपुरात, जरीपटक्यात एका खोलीत एकटे. महिन्यातले दोन रविवार गावाला जायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत. नोकरी लागली त्या वर्षी त्यांनी काकूंना कबूल केलं होतं, "पुढच्या दिवाळीले तुले नागपूरले घेऊन जातो." ती पुढची दिवाळी एकोणतीस वर्षं झाली तरी आली नव्हती. कोणी विचारलं की काकांचं ठरलेलं उत्तर, "अजून बजेट बसून नाही राहिलं." यंत्र बंद पडलं आणि साहेबांनी विचारलं की कधी सुरू होणार, तर फिटर मंडळी आपसात म्हणायची, "ढोमण्याच्या दिवाळीले." काका ऐकायचे, आणि तेही हसायचे. पण निवृत्तीला आता वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं. एकदा निवृत्त झाले की काका गावाला परतणार. म्हणजे काकू नागपूरला आल्या तर या वर्षात येणार, नाही तर कधीच नाही. हा हिशेब आम्हाला कळत होता तर मोजमापात आयुष्य गेलेल्या माणसाला कळत नसेल का? पण ते त्यावर बोलायचे नाहीत. दुसऱ्या कोणाच्या तरी घराचा विषय काढायचे.

त्या वर्षी ते दुसरं कोणी म्हणजे आम्ही. माझं आणि नितीनचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. लग्नाचा खर्च वजा जाता हातात साठ हजार उरणार होते आणि तेवढ्यात घर उभं करायचं होतं. नितीनचं म्हणणं, सगळं हप्त्यावर घेऊन टाकू. हप्ता म्हणताच काकांचा चेहरा पडला. "नितीनभाऊ, हप्त्याच्या पलंगावर झोप नाही येत. पाठीले समजते."

"अहो काका, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मलाही कळतं," नितीन म्हणाला.

"कुठी हाये अंथरूण? तेच त घ्याचं हाये अजून." काका म्हणाले. "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हंतात ना? त्याच्यात एक राहून गेलं. बिऱ्हाड पाहावं मांडून. चाला, झोपा दोघंबी."

आणि आम्ही झोपलो. लग्नाला तीन आठवडे होते, घर अजून आमचं झालेलं नव्हतं, आणि त्या रिकाम्या खोलीत दुपारच्या उन्हाच्या चौकोनात आम्ही तिघं ओळीनं फरशीवर पडलो होतो. काका मध्ये. मला हसू आवरत नव्हतं.

"डोळे मिटा. सकाळ झाली. नितीनभाऊ, उठले. पहिले हात कशाले लागते?"

"मोबाईलला."

"लागूच शकत नाही. चार्जिंगचा बोर्ड दाराजवळ हाये. लिहा, लंब्या वायरचा बोर्ड, तीनशे. मॅडम, तुमी काय करून राहिल्या?"

"चहा."

"गाळणी?"

गाळणी माझ्या यादीत नव्हती.

"चाळीस रुपये. लोक गॅस घेतात, चहाचा गंज घेतात, कप घेतात, अन् पहिला चहा ओढणीनं गाळतात. सोचा. घाई नाही हाये आपल्याले. दिवसभर राहून पाहा घरात."

काकांचं बजेट असंच असायचं. स्वयंपाकघर, बैठक असे भाग त्यात नसत. त्यात सकाळ असायची, दुपार असायची, सायंकाळ असायची. तो दिवस डोळे मिटून जगायचा आणि जिथं हात रिकामा पडेल तिथं एक वस्तू लिहायची. ते हळू आवाजात बोलत राहायचे आणि खोली हळूहळू भरत जायची. इथं कपडे वाळत घालायची दोरी, दहा मीटर. इथं किल्ल्यांचा खिळा. "पोळपाट ओट्यावर ठेवून पाहा मॅडम. हलून राहिला ना? खाली ओलं फडकं लागन. फडक्याले पैसे नाही लागत, जुना बनियान ठेवजा." वरच्या मजल्यावर खलबत्ता चालू होता, खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मला तर झोपच लागायला आली होती.

मग काकांनी आम्हाला भांडायला सांगितलं.

"कशावरून?" नितीनने विचारलं.

"ते तुमी पाहा. पण भांडण त होईनच. पयल्या महिन्यात दोन धरा."

आम्ही गंमत म्हणून सुरू केलं. नितीनची आई आमच्याकडे किती दिवस राहायला येणार, असा काहीतरी विषय होता. दोन मिनिटांत ती गंमत राहिली नाही. डोळे मिटलेल्या अवस्थेत, फरशीवर आडवं पडून, मध्ये साठीकडे झुकलेला माणूस ठेवून, मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याशी खरंखुरं भांडले. काकांनी मध्ये तोंड घातलं नाही. दोघं थांबल्यावर शांतपणे विचारलं, "झालं? आता नितीनभाऊ कुठी गेले?"

"गॅलरीत," नितीन घुश्शात म्हणाला.

"उभे किती वेळ राहता? लिहा. भांडणाची खुर्ची, पिलास्टिकची, साडेचारशे. एकच घ्या. दोन घेतल्या त दुसराबी येऊन बसते, अन् भांडण गॅलरीत चालू होते. सारी गल्ली आयकते."

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि खोली पुन्हा रिकामी होती. मला ती एकदम परकी वाटली. मिटल्या डोळ्यांनी पाहिलेलं घर माझं होतं, हे कोणाचं तरी होतं. मी तसं म्हटलं, तर काका पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "हाओ. मलेबी तसंच होते वं." त्या दिवसापासून मॅडमचं मधून मधून 'पोरी' व्हायला लागलं.

आता काकांच्या बजेटमधली खोटही सांगायला हवी. एक तर त्यांचा कंजूषपणा भलत्याच ठिकाणी उगवायचा. गृहप्रवेशाला दूध उतू घालायचं तर पाव लिटर. "अर्धा कायले? उतू जाते तेवढंच देवाचं." आणि दुसरं म्हणजे त्यांचा ऋतूंचा सिद्धांत. नागपुरात कूलरशिवाय घर नाही हे कोणीही सांगेल. पण काकांचं म्हणणं, कूलर हिवाळ्यात घ्यायचा आणि रजई उन्हाळ्यात. तेव्हा दुकानदार आळसावलेला असतो, पडत्या भावात देतो. त्यामुळे डिसेंबरात आमच्या घरात लोखंडी स्टँडसह, वाळ्याच्या ताट्यांसह, पंपासह खोलीच्या दाराएवढा कूलर आला आणि रजई मे महिन्यावर ढकलली गेली. लग्नानंतरचे पहिले दोन आठवडे मी आणि नितीन दोन चादरी, एक सतरंजी आणि माझ्या रुखवतातला टेबलक्लॉथ पांघरून कुडकुडत होतो. समोर कूलर. काका बघायला आले. "पाहा, कसा शोभून राहिला," असं त्यांनी कौतुकानं म्हटल्यावर माझा तोल गेला. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. काका चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी माझ्या हातात एक घोंगडी ठेवली. धुतलेली, डांबरगोळ्यांचा वास येणारी. "गावची हाये. मले गरम होते तिच्यात," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

गावाला जायचं नसेल त्या रविवारी काका मेट्रोनं फिरतात. सीताबर्डीला बसायचं, एका टोकाला जायचं, मग दुसऱ्या टोकाला, मग पुन्हा सीताबर्डी. काम काहीच नाही. मेट्रो वरून जाते, त्यामुळे लोकांच्या गच्च्या आणि खिडक्या दिसतात. एकदा मी बरोबर गेले. "दोरीवरचे कपडे पाहा," ते मला दाखवत होते. "थे पाहा, लेकराचे दुपटे. नवं बिऱ्हाड हाये. तिथं एकच सदरा, तोबी उलटा वाळू घातला. एकटा माणूस. अन् थे पाहा, लुगडं अन् धोतर बाजूबाजूले. बजेट बसलं त्याइचं." गाडी वळणावर हळू झाली होती, खाली शहर पिवळ्या उन्हात पसरलं होतं. मला तेव्हा काकूंबद्दल विचारावंसं वाटलं होतं, पण जमलं नाही.

विचारायची वेळ मार्चमध्ये आली. काका दोन दिवस कामावर आले नाहीत. ताप आला होता. मी खिचडीचा डबा घेऊन जरीपटक्यात गेले, बाजारातून वाट काढत, कापडाच्या दुकानावरच्या जिन्यानं. दार उघडंच होतं.

खोलीत एक लोखंडी खाट होती. एक खिळा, त्यावर दोन सदरे. एक बादली, एक ताट, एक पेला. संपलं. निम्म्या नागपूरला गाळणी आणि भांडणाची खुर्ची लिहून देणाऱ्या माणसाच्या खोलीत मला बसायला जागा नव्हती. त्यांना खिचडी वाढायला चमचाही नव्हता. मला राग आला, खरंच सांगते, दया नंतर आली.

"काका, हे काय आहे? एकोणतीस वर्षं असेच राहता?"

"हे घर नाही ना वं पोरी. हे त तात्पुरतं हाये."

खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती. औषध त्यात असेल म्हणून मी उघडली. आत स्टोअरच्या रद्दी फॉर्मांच्या कोऱ्या बाजूला लिहिलेली बजेटं होती, प्रत्येक दिवाळीचं एक, दोऱ्यानं बांधलेली. एकोणतीस. काकांनी अडवलं नाही. डोळे मिटून पडून राहिले आणि मी खाली बसून वाचत गेले.

पहिल्या वर्षी रॉकेलचा स्टोव्ह, दोन ताटं, 'लीलाले आरसा'. तिसऱ्या वर्षी पाळणा. चौथ्या, पाचव्या, सहाव्या वर्षी पाळणा, किंमत दरवर्षी थोडी वाढलेली. नवव्या वर्षी पाळणा लिहून खोडलेला. दहाव्या वर्षापासून तो नाही. त्या वर्षी त्या जागी 'रेडिओ, दुपारी तिले सोबत' असं लिहिलं होतं. मग गॅस आला. मग मिक्सर, कारण 'हात दुखतात'. पुढे टीव्ही. मग चष्म्याचं घर, दोन. अलीकडच्या कागदांवर न्हाणीत धरायला लोखंडी दांडा, 'लीलाचे गुडघे'. सगळीकडे सकाळ, दुपार, सायंकाळ. मी आजवर त्यांच्या न आलेल्या दिवाळीवर हसत होते. त्या पेटीत त्यांचा सगळा संसार होता, आणि तो त्यांनी एकट्यानं केला होता. मला स्वतःची लाज वाटली.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. मी मोजमापातच काम करते. सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका कागदावर खाली शिल्लक लिहिली होती. खर्चापेक्षा सहा हजारांनी जास्त. त्यानंतर दरवर्षीच जास्त.

"काका, बजेट तर कधीचंच बसलंय."

काकांनी कूस बदलली. मग म्हणाले, "हाओ. बसलं होतं."

"मग आणलं का नाही काकूंना?"

"भेव वाटलं." ते भिंतीकडे तोंड करून बोलत होते. "इतके वर्ष सांगून राहिलो, नागपूर असं, घर असं, खिडकी अशी. माय होती तवा मायचं कारण होतं. माय गेली, मंग काय सांगू? ती आली अन् तिले नाही आवडलं त? डोळे मिटून पाह्यलं त लय चांगलं दिसते वं ते. उघडले म्हंजे एकच खोली अन् ओटा."

"तुम्ही त्यांना विचारलंत? त्यांना कसं घर हवंय ते?"

काका माझ्याकडे वळले. हा प्रश्न एकोणतीस कागदांत कुठंच नव्हता, हे दोघांनाही एकदमच कळलं.

मी त्यांचाच फोन उचलला आणि गावाला लावला. परक्या बाईचा आवाज ऐकून काकू आधी घाबरल्या. ताप उतरलाय म्हटल्यावर सावरल्या. मग मी सरळच विचारलं, "काकू, नागपूरला राहायला येता का?"

पलीकडे गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. "मी त दरवर्षी दिवाळीच्या पयले पेटी भरतो वं बाई," काकू म्हणाल्या. गावाकडच्या बाया स्वतःबद्दल असंच बोलतात, करतो, भरतो. "अन् दिवाळी झाली का काढतो. दोन लुगडे त घडीवरच फाटले. त्याइले सांगजा, मी आता भरत नाही. भरलेली हाये."

फोन मोठ्या आवाजावर होता. काकांनी चादर तोंडावर ओढून घेतली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

त्यानंतर घर शोधायला आठवडा लागला नाही. शेत गावातल्या चुलतभावानं करायला घेतलं, गाई त्याच्याच गोठ्यात गेल्या. काकांच्या निवृत्तीला बरोबर अकरा महिने राहिले होते आणि भाडेकरार अकरा महिन्यांचाच असतो. "आयुष्यात पयल्यांदा दोन आकडे बरोबर जमले," काका म्हणाले. पण घेतलेल्या घरात त्यांनी एकही वस्तू आणली नाही. एक झाडू तेवढा आणला. बाकी तिले इचारून, असं ते सगळ्यांना सांगत होते, आणि सांगताना घामाघूम होत होते.

काकू आल्या त्या दिवशी मी आणि नितीन गेलो होतो. लहानखुऱ्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात वाळवलेल्या तुरीच्या डाळीचं गाठोडं. त्यांनी घर उभ्यानंच पाहिलं, दोन मिनिटांत. ओटा, न्हाणी, खिडकी. काका दाराशी उभे होते. निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"आवडलं का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"घर हाये," काकू म्हणाल्या. "आवडाले काय झालं?"

"मंग काय काय पायजे तुले? सांग. मी लिहून घेतो."

काकूंनी थोडा विचार केला. भांड्यांचं त्यांनी नाव काढलं नाही. पंख्याचं नाही, टीव्हीचं नाही. "मले दाराची घंटी पायजे," त्या म्हणाल्या. "इजेवरची."

काका कागद हातात धरून उभेच राहिले. "घंटी? घंटीले काय कराचं? मी वाजवीन ना कडी."

"कडी नाही. घंटी." काकू खाली बसल्या आणि गाठोडं सोडता सोडता सांगू लागल्या. "माह्या भावाच्या घरी हाये, वर्ध्याले. सांजच्याले साडेसहा वाजता वाजते. वयनी भाजी चिरत असते. ती मान वर करून पाह्यत नाही, काही नाही. नुसती म्हंते, 'आले.' अन् मंग दार उघडाले जाते. गावात तुमी मोटारीतून उतरले का सारं गाव सांगत येते, पाहुणा आल्यावानी. कामावरून घरी आलेला माणूस मी पाह्यलाच नाही. मले तसं म्हणाचं हाये. न पाह्यता."

काकांनी आपला कागद पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला. "मी सायंकाळ घरातूनच सुरू करत होतो," ते पुटपुटले. "माणूस आत कसा आला, हे लिहालेच इसरलो."

आम्ही चौघं बाजारात गेलो. विजेच्या दुकानात घंटीचे पंधरा प्रकार निघाले. एकीत पक्षी ओरडायचा, एकीत आरती व्हायची. काकूंनी सगळ्या ऐकल्या आणि सगळ्यांत साधी निवडली. एकशे ऐंशी रुपये. सुतळीच्या गुंडीसाठी पाऊण तास घासाघीस करणाऱ्या ढोमणेकाकांनी दोन नोटा काढून दिल्या आणि सुटे परत घ्यायला विसरले. वायरमन दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. घरात तेव्हा चटई, स्टोव्ह, चार भांडी आणि ती घंटी एवढंच होतं.

त्या दिवशी माझी सकाळपाळी होती. दुपारनंतर मी काकूंकडे गेले, डबे लावायला मदत म्हणून. मदतीची गरज नव्हतीच, डबेही नव्हते. आम्ही चटईवर बसून गवार निवडत होतो, गप्पा मारत होतो. सहा वाजल्यापासून काकूंचं बोलणं कमी होत गेलं. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं, खाली कोणीतरी स्कूटर लावली, कोणीतरी हाक मारली. काकू शेंगांकडे बघत होत्या, पण एकच शेंग चार वेळा मोडून झाली होती. मीही उगाच निवडलेल्या शेंगा पुन्हा निवडत होते. कंपनीची बस चौकात थांबल्याचा आवाज मला ओळखता येतो. आता तो आला.

जिन्यावर पावलं वाजली. दाराशी येऊन थांबली. मग बराच वेळ काहीच झालं नाही, इतका की मला वाटलं उठून बघावं. काकूंनी हातानंच मला बसवलं.

घंटी वाजली.

काकूंनी मान वर केली नाही. आवाज अगदी रोजचा होता.

"आले," त्या म्हणाल्या.